एएस/४०० वर एका प्रोग्रामचे तुकडे किती करावेत? (मॉड्यूल, सर्व्हिस प्रोग्राम, बाइंडर वगैरे)

हिरवापडदा
नमस्कार मंडळी. इथे पाककृती आणि ट्रेकचे धागे जास्त चालतात हे माहीत आहे, पण मागे एका धाग्यावर दोन-तीन जणांनी आपण एएस/४०० वर (आयबीएमचं कंपन्यांच्या कामकाजाचं मशीन) काम करतो असं लिहिलेलं आठवलं म्हणून धीर करून विचारतेय.

मी पुण्यात असते, क्लायंट अमेरिकेतला, विमा कंपनी. कॉलेजात जावा शिकले आणि कंपनीने ट्रेनिंगला नेमकं आरपीजी (या मशीनची जुनी प्रोग्रामिंग भाषा) दिलं, पहिल्या दिवशी तो काळ्यावर हिरवा स्क्रीन बघून अक्षरशः रडू आलं होतं (आता नाही येत, आता आवडतं). तर प्रश्न असा. प्रीमियम काढायचा एक प्रोग्राम आहे, साधारण १४,००० ओळींचा, एकच. त्यातला दर काढायचा भाग लोकांनी वेळोवेळी उचलून दुसऱ्या प्रोग्रामांमध्ये चिकटवलाय, मी मोजले, ३१ ठिकाणी आहे. दर बदलला की ३१ ठिकाणी बदल. लीड म्हणाला "आयएलई वापर, मॉड्युलर कर" (आयएलई म्हणजे प्रोग्राम तुकड्यातुकड्यांनी बनवून जोडायची इथली पद्धत) आणि सुट्टीवर गेला.

मॅन्युअल वाचलं. शब्द कळले, पण करायचं काय ते कळलं नाही. १) सगळं एका मोठ्या सर्व्हिस प्रोग्राममध्ये घालू की छोटे छोटे दहा करू? २) बाइंडर लँग्वेज (सर्व्हिस प्रोग्राममधलं काय काय बाहेर दिसेल त्याची यादी) खरंच लिहावी लागते का, एक्स्पोर्ट स्टार-ऑल दिलं की चालतंय की. ३) ॲक्टिव्हेशन ग्रुप हे काय प्रकरण आहे, प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

इंग्रजी फोरमवर विचारलं तर पहिलं उत्तर "मॅन्युअल वाचा" आलं. तेच वाचून तर आले होते.

पावभाजी_बॅच
हे अजून जिवंत आहे????

रात्रपाळी
@पावभाजी_बॅच तुमचा पगार ज्या मशीनवरून निघतो ते बहुतेक तेच असेल, हळू बोला.

जुनंखोड
हिरवापडदा, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. रिटायर होऊन चार वर्षं झाली, घरात कोणाला आरपीजी म्हटलं की रॉकेट लाँचर आठवतो.

आधी तो १४,००० ओळींचा राक्षस जन्मला कसा ते समजून घे, नाहीतर उगाच जुन्या लोकांना शिव्या घालशील. मी १९९१ साली मुंबईच्या सीप्झमध्ये लागलो तेव्हा आयएलई नव्हतंच. मशीन १९८८ च्या जूनमध्ये जाहीर झालेलं, त्याच्या आधीचं सिस्टिम/३८ १९७८ चं, आणि आरपीजीची पद्धत तिथलीच चालू. एका प्रोग्रामने दुसऱ्याला बोलवायचं तर डायनॅमिक कॉल, म्हणजे चालू असताना नावावरून शोध, हक्क तपास, मग उडी. एकदा ठीक आहे, पण रात्रीच्या बॅचमध्ये लाखभर रेकॉर्डसाठी लाखभर वेळा केलंस की पहाट व्हायची. म्हणून आम्ही सगळं एकाच प्रोग्राममध्ये कोंबायचो, सबरूटीनवर सबरूटीन, आणि सबरूटीनला ना स्वतःचे व्हेरिएबल ना पॅरामीटर. सगळं जग ग्लोबल. आळस नव्हता तो, हिशेब होता.

मग आयएलई आलं. आधी सी साठी, आणि आरपीजीला ते १९९४ च्या व्हर्जन ३ रिलीज १ पासून मिळालं. आता कंपाईल केल्यावर थेट प्रोग्राम होत नाही, मॉड्यूल होतं. मॉड्यूल एकटं चालत नाही. दोन-चार मॉड्यूल बांधून प्रोग्राम करायचा, आणि बांधलेला कॉल स्वस्त, जवळजवळ सबरूटीनइतका. बांधायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे मॉड्यूलची प्रत प्रोग्रामात कायमची आत जाते, कणकेत मीठ गेल्यासारखी. दुसरी म्हणजे सर्व्हिस प्रोग्राम, तो बाहेरच राहतो, वाड्यातल्या विहिरीसारखा, सगळी बिऱ्हाडं तिथूनच पाणी भरतात. तुझे ३१ प्रोग्राम म्हणजे ३१ बिऱ्हाडांनी आपापल्या परसात खड्डे खणलेत. एक विहीर खण.

कोथिंबीर_जुडी
जुनंखोड काका, विहीर झकास. पण कणकेतलं मीठ पटलं नाही हां. कणकेतून मीठ परत काढता येत नाही, मॉड्यूल मात्र बदलता येतं की. अपडेट प्रोग्राम कमांड दिली की बाकीची मॉड्यूल तशीच ठेवून एकच नवं बसवता येतं. मिसळणाचा डबा म्हणा, हळदीची वाटी काढली, धुतली, नवी हळद भरून ठेवली, मोहरीला हात नाही.

जुनंखोड
@कोथिंबीर_जुडी मान्य. तुमचं नाव बघूनच समजायला हवं होतं की स्वयंपाकघराच्या उपमांमध्ये तुमच्याशी वाद नको. पण एक आहे, मीठ ३१ कणकांमध्ये गेलं की ३१ डबे उघडावे लागणार. आणि कुठल्या डब्यात ती वाटी आहे हे आधी शोधा.

टिकटिक
मी जेवायला बसलोय, धागा उघडला संगणकाचा, आत कणीक हळद मोहरी. बरोबर जागी आलोय ना?

रात्रपाळी
प्रश्न २ चं उत्तर देतो कारण त्याने माझी एक दिवाळी गेलीय.

एक्स्पोर्ट स्टार-ऑल दिलं की सर्व्हिस प्रोग्राममधली एक्स्पोर्ट लिहिलेली प्रत्येक प्रोसिजर (नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा) बाहेर दिसते आणि सिस्टिम त्या नावांवरून, त्यांच्या क्रमावरून, एक सिग्नेचर काढते. तुझा प्रोग्राम बांधताना ती सिग्नेचर त्याच्या पोटात लिहून ठेवली जाते. चालवायच्या वेळी दोन्ही जुळल्या तर आत, नाहीतर एरर, एमसीएच चव्वेचाळीस एकतीस. हा आकडा मला बायकोच्या वाढदिवसाआधी आठवतो.

झालं असं की आमच्या एका पोराने तारखांच्या सर्व्हिस प्रोग्राममध्ये एक नवी प्रोसिजर टाकली. एकच. जुन्याला हात लावला नाही, टेस्टिंग केलं, त्याचा स्वतःचा प्रोग्राम छान चालला कारण तो त्याने नवीन बांधला होता. धनत्रयोदशीला संध्याकाळी प्रॉडक्शनला गेलं. रात्री महिनाअखेरची बॅच सुरू झाली आणि त्या तारखांवर जगणारे सगळे प्रोग्राम एकामागून एक चव्वेचाळीस एकतीस देऊन आडवे. नवी प्रोसिजर आली म्हणजे सिग्नेचर बदलली, आणि बाकीच्यांच्या पोटात जुनीच. आम्ही घाबरून सगळं परत कंपाईल करायला घेतलं, अडीच वाजता एका म्हाताऱ्या गोऱ्याने फोनवर सांगितलं की बाबांनो कंपाईल कशाला करताय, अपडेट प्रोग्रामला मॉड्यूल स्टार-नन द्या, तो नुसता सर्व्हिस प्रोग्रामशी परत बांधला जातो. वीस मिनिटांत सगळं उभं. पण दिवाळीची पहिली आंघोळ ऑफिसच्या बेसिनवर.

तर हो, बाइंडर लँग्वेज लिहावीच लागते. तीन प्रकारच्या ओळी आहेत फक्त, सुरू, एक्स्पोर्ट, संपलं. एक ब्लॉक करंट, नवी प्रोसिजर टाकताना आधीच्या ब्लॉकची नक्कल करून तिला प्रीव्हियस म्हणायचं आणि करंटमध्ये नवं नाव सगळ्यात शेवटी. शेवटी म्हणजे शेवटी. मग जुन्या सिग्नेचरवाले जुन्या दाराने येतात, नवे नव्या दाराने.

वाकडेवाडी
@रात्रपाळी पद्धत बरोबर आहे पण तीन वर्षांनी बाइंडर सोर्स उघडला की चाळीस प्रीव्हियस ब्लॉक, आणि प्रत्येकात तीच दोनशे नावं. आमच्याकडे कोणी वाचतच नाही आता तो मेंबर (सोर्सची फाइल), नुसता खाली खाली वाढत जातो, सरकारी फाइलसारखा. मी सरळ सिग्नेचर हाताने लिहितो. सिग्नेचरच्या जागी १६ अक्षरांत सर्व्हिस प्रोग्रामचं नाव. एकच ब्लॉक, नवीन नाव खाली, सिग्नेचर कधी बदलत नाही, चव्वेचाळीस एकतीस कधी येत नाही. पंधरा वर्षं निवांत.

रात्रपाळी
@वाकडेवाडी निवांत आहात कारण तुमच्याकडे अजून कोणी नीटनेटका माणूस जॉइन झाला नाही.

मिनेसोटाची_थंडी
रात्रपाळी यांनी म्हटलेला नीटनेटका माणूस आमच्याकडे जॉइन झाला होता.

मी मूळची साताऱ्याची, अठरा वर्षं मिनेसोटात. हे मशीन जिथे जन्मलं ते रॉचेस्टर इथून दीड तासावर आहे, जानेवारीत तिथे उणे वीस असतं तेव्हा कळतं की तिथल्या लोकांनी घरात बसून एवढी मजबूत सिस्टिम कशी बनवली, बाहेर जाऊन करणार काय.

तर आमच्याकडे (नाव नको) वाकडेवाडी म्हणतात तशीच हाताने लिहिलेली सिग्नेचर होती. नवीन आलेल्या गृहस्थांना साठ एक्स्पोर्टची यादी अस्ताव्यस्त वाटली. त्यांनी ती अक्षरांप्रमाणे लावली. छान दिसायला लागली. सर्व्हिस प्रोग्राम बनला, सिग्नेचर तीच, त्यामुळे कोणीही तक्रार केली नाही, ना कंपायलरने ना सिस्टिमने.

आता गोम अशी की बांधलेला प्रोग्राम नाव लक्षात ठेवत नाही. तो लक्षात ठेवतो "या सर्व्हिस प्रोग्रामचा सतरावा दरवाजा". सतराव्या दरवाज्यामागे आधी सूट काढायची प्रोसिजर होती, आता वाहतूक खर्चाची. दोघींना एकच पॅरामीटर, दोघी एक दशांश आकडा परत देतात, त्यामुळे काहीही पडलं नाही. दोन दिवस बिलांवर सुटीच्या जागी वाहतूक खर्च वजा होत होता. काही ग्राहकांनी फोन करून आभार मानले. त्यावरून शोध लागला.

सिग्नेचर हा तुमचा पहारेकरी आहे. तो हाताने लिहिलात म्हणजे पहारेकऱ्याला सांगितलंत की तू झोप, मी बघतो. मग खरंच बघावं लागतं.

पावभाजी_बॅच
सतरावा दरवाजा 😂😂 हे कळलं मला, मी तर यातला नाही. आमच्या सोसायटीत फ्लॅटचे नंबर बदलले तेव्हा सहा महिने दुसऱ्यांची पार्सलं घेत होतो.

वाकडेवाडी
@मिनेसोटाची_थंडी बापरे. मी आत्ता जाऊन आमच्या मेंबरच्या डोक्यावर कॉमेंट टाकून आलो: "क्रम बदलू नये. बदलल्यास पगार बदलेल."

तरी मी मत बदलत नाही. प्रीव्हियस ब्लॉकवाल्यांनीही मधे नाव घुसवलं तर त्यांचंही तेच होणार की, जुनी सिग्नेचर तर यादीत आहेच.

रात्रपाळी
@वाकडेवाडी हो ते खरं आहे. म्हणूनच शेवटी म्हणजे शेवटी.

हिरवापडदा
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, थँक्यू सगळ्यांना. एक शंका. सिग्नेचर नावं आणि क्रम बघते. पॅरामीटर बघते का? म्हणजे मी दर काढायच्या प्रोसिजरला चौथा पॅरामीटर वाढवला तर जुन्या प्रोग्रामांना अडवेल का ती?

कोथिंबीर_जुडी
नाही बघत. अजिबात नाही. हीच मोठी फसगत आहे. जावातून आलीस म्हणून तुला वाटतंय, तिथे सिग्नेचर म्हटलं की पॅरामीटर आलेच. इथे शब्द तोच, अर्थ निराळा. चौथा पॅरामीटर वाढवलास तर जुना प्रोग्राम तीनच देईल, तुझी प्रोसिजर चौथा वाचायला जाईल आणि तिथे मेमरीत जे काय पडलेलं असेल ते उचलेल. कधी एरर येईल, कधी नुसताच चुकीचा आकडा, आणि चुकीचा आकडा जास्त वाईट.

दोनच रस्ते. नवा पॅरामीटर शेवटी घाल, त्याला ऑप्शन्स नो-पास लाव (म्हणजे तो न दिला तरी चालेल), आणि आत वापरायच्या आधी किती पॅरामीटर आलेत ते मोज. किंवा नवी प्रोसिजर कर वेगळ्या नावाने, जुनी आतून तिलाच बोलावेल. मी दुसरा घेते, नावं थोडी बोजड होतात पण रात्री झोप लागते.

आणि प्रोटोटाइप (प्रोसिजरला कुठले पॅरामीटर लागतात ती घोषणा) एकाच कॉपी मेंबरमध्ये ठेव, तोच सर्व्हिस प्रोग्रामच्या सोर्समध्येही ओढ, म्हणजे व्याख्या आणि प्रोटोटाइप जुळतायत का ते कंपायलरच तपासतो. लोक प्रोटोटाइप हाताने टाइप करतात ३१ ठिकाणी, मग दर चिकटवले काय आणि प्रोटोटाइप चिकटवले काय, एकच.

टिकटिक
विषयांतर: तो हिरवा स्क्रीन अजून वापरता का लोक? मी २००३ मध्ये एका ऑफिसात पाहिलेला, काउंटरवरच्या मावशी एफ३ एफ१२ असे दाबायच्या की पियानो वाजतोय वाटायचं.

जुनंखोड
अरे त्या मावशींना माउस दिला की त्यांचा वेग निम्मा व्हायचा. आमच्या एका प्रोजेक्टात वेब स्क्रीन बनवून दिले, महिन्याभरात हिरवा परत मागितला त्यांनी.

नावं मात्र इतकी बदलली की बारशाला गेल्यासारखं वाटतं. २००० साली आयसिरीज, २००६ ला सिस्टिम आय, २००८ पासून आयबीएम आय. आम्ही अजून एएस/४०० च म्हणतो, घरी कसं पाळण्यातलं नाव चालत राहतं.

घाटमाथा
मी वेगळं बोलतो, राग नसावा. हे सगळं वाचून मला एकच वाटतं की एवढी उठाठेव करण्यापेक्षा तो प्रीमियमचा प्रोग्राम जावात नव्याने लिहा, क्लाउडवर टाका, विषय संपवा. दरवाजे मोजत बसायचं वय आहे का या मुलीचं?

जुनंखोड
@घाटमाथा राग कशाला. पण १४,००० ओळी नव्याने लिहायच्या म्हणजे त्यात काय लिहिलंय हे कोणाला तरी माहीत असायला हवं. ते माहीत असलेले दोघे माझ्यासारखे घरी बसून तुळशीला पाणी घालतात.

आणि एक गोष्ट सांगतो. १९९५ मध्ये या मशीनचा प्रोसेसर बदलला, सगळा, ४८ बिटांवरून ६४ बिट पॉवरपीसी. आमचे प्रोग्राम जुन्या मशीनवरून टेपवर घेतले, नव्यावर उतरवले, सिस्टिमने स्वतःच भाषांतर केलं, सोर्स उघडावा लागला नाही. कारण प्रोग्राम हार्डवेअरशी थेट बोलतच नाही, मधे एक पडदा आहे. ज्या शहाण्यांनी डिस्क वाचवायला प्रोग्रामांची आतली माहिती पुसून टाकली होती, म्हणजे ऑब्झर्वेबिलिटी काढली होती, तेच फक्त अडकले, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांना सोर्सही सापडेना. तेव्हा फेकून द्या म्हणायच्या आधी जरा.

घाटमाथा
@जुनंखोड काका मशीन चांगलं असेल हो, मी माणसांबद्दल बोलतोय. पाच वर्षांनी हे येणारं कोण असेल?

हिरवापडदा
@घाटमाथा मी असेन ना. माझं वय २६ आहे.

मिनेसोटाची_थंडी
❤️

आता ॲक्टिव्हेशन ग्रुप, कोणीच हात लावत नाहीये म्हणून मीच लावते.

एका जॉबच्या आत खोल्या असतात असं समज. प्रोग्रामचे स्टॅटिक व्हेरिएबल, उघड्या फाइली, ओव्हरराइड, कमिटचा हिशेब, हे सगळं कुठल्यातरी एका खोलीत असतं. जुने प्रोग्राम डिफॉल्ट नावाच्या दिवाणखान्यात राहतात, तो जॉब संपेपर्यंत आवरला जात नाही. नव्यांना तू सांगतेस कुठे राहायचं. स्टार-न्यू म्हणजे प्रत्येक कॉलला नवी खोली बांधायची आणि परतताना पाडायची. नाव देऊन म्हणजे ठरलेली खोली. स्टार-कॉलर म्हणजे ज्याने बोलावलं त्याच्याच खोलीत.

साधा नियम जो बहुतेक ठिकाणी चालतो: सगळ्यात वरचा प्रोग्राम नाव दिलेल्या ग्रुपमध्ये, त्याच्याखालचे सगळे आणि सर्व्हिस प्रोग्राम स्टार-कॉलर. स्टार-न्यू आतल्या लूपमध्ये बोलावल्या जाणाऱ्या प्रोग्रामला लावू नकोस. आमच्याकडे एकाने लावलं होतं, प्रत्येक ऑर्डर लाइनला खोली बांधा, फाइली उघडा, बंद करा, खोली पाडा. बॅच सकाळपर्यंत रेंगाळायची. स्टार-कॉलर केलं, चहा संपायच्या आत झाली.

तुझे जुने ३१ जण मात्र दिवाणखान्यात राहतात, तेव्हा तू सर्व्हिस प्रोग्राम स्टार-कॉलर केलास आणि त्यांनी बोलावला तर तोही दिवाणखान्यात येऊन बसेल आणि यूजर साइन-ऑफ करेपर्यंत उठणार नाही. तसेही त्यांना बदलावंच लागेल, कारण डिफॉल्ट ग्रुप यस ठेवून बाउंड कॉल करायला कंपायलर नकार देतो.

शिवाय कमिटमेंट कंट्रोल. त्याचा आवाका तू न सांगता ॲक्टिव्हेशन ग्रुपपुरता असतो. दोन प्रोग्राम दोन खोल्यांत, एकाने रोलबॅक केला, दुसऱ्याचे बदल तसेच. पॉलिसी गेली, पावती राहिली. जॉबभर हवा असेल तर सुरू करतानाच सांगावं लागतं.

रात्रपाळी
वरच्याला पुरवणी. लोक म्हणतात मी शेवटी एलआर (प्रोग्राम संपला असं सांगणारी खूण) ऑन केला म्हणजे सगळं साफ. सर्व्हिस प्रोग्रामच्या नो-मेन (मुख्य भाग नसलेल्या, नुसत्या प्रोसिजरांच्या) मॉड्यूलला एलआरशी काही देणंघेणं नाही. तिथलं ग्लोबल व्हेरिएबल ग्रुप संपेपर्यंत जागचं हलत नाही. आधीच्या पॉलिसीचा दर पुढच्या पॉलिसीला लागला तर आधी तिथे बघ. ग्लोबल ठेवूच नकोस शक्यतो, प्रोसिजरच्या आत घे.

आणि नवा सर्व्हिस प्रोग्राम टाकलास म्हणून लगेच सगळ्यांना नवा दिसत नाही. जुना ऑब्जेक्ट सिस्टिम क्यूआरपीएलओबीजे लायब्ररीत सरकवते आणि ज्यांनी आधीच तो उघडलाय ते जॉब तोच वापरत राहतात. यूजरचा फोन येतो "अजून जुनंच दिसतंय", त्याला म्हणायचं साइन-ऑफ करून या. नव्वद टक्के सपोर्ट तोच आहे.

पावभाजी_बॅच
बंद करून चालू करा 🙏 सगळीकडे तेच.

वाकडेवाडी
मूळ प्रश्न १ राहिलाच, किती तुकडे.

मी दोन्ही टोकं पाहिलीत. एका ठिकाणी एकच सर्व्हिस प्रोग्राम, त्यात तारखा, पैसे, ई-मेल, पत्ते, सगळं, चारशे एक्स्पोर्ट. कोणीही काहीही बदललं की त्याला हात, दर आठवड्याला प्रॉडक्शन. दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी प्रत्येक प्रोसिजरला स्वतःचा सर्व्हिस प्रोग्राम केलेला, दोनशेच्या वर. प्रोग्राम सुरू झाला की त्याला बांधलेले सगळे एकदम जागे होतात, त्यांना बांधलेलेही होतात, मेन्यू उघडायला सेकंदं मोजावी लागायची. आता बांधताना डिफर सांगता येतं, म्हणजे गरज पडेल तेव्हाच जागा हो, पण ते औषध झालं, पथ्य नाही. त्यात अ ला ब हवा आणि ब ला अ हवा असा घोळ. आधी कोणता बनवणार? अनरिझॉल्व्हड रेफरन्स चालवून घ्या असं सांगून एक अर्धवट बनवायचा, मग दुसरा, मग पहिला परत. दर वेळी.

माझा ठोकताळा: जे एकाच कारणाने बदलतं ते एकत्र. दर बदलतो अंडररायटिंगवाल्यांच्या मेलमुळे, तारखेचं गणित कोणाच्याच मेलमुळे बदलत नाही. मग ते एका घरात कशाला. एका सर्व्हिस प्रोग्रामच्या आत मॉड्यूल कितीही कर, ते बाहेरच्याला दिसत नाहीत. आणि बांधायची यादी प्रत्येक कमांडमध्ये लिहू नकोस, बाइंडिंग डिरेक्टरी कर एक, कंट्रोल ओळीत तिचं नाव. पण तीही एकच अवाढव्य करू नकोस, त्यात एकाच नावाची प्रोसिजर दोन ठिकाणी असली तर कोणती उचलली गेली हे शोधताना केस पांढरे होतात.

कोथिंबीर_जुडी
+१. आणि आमच्या जुनंखोड काकांचा "कुठल्या डब्यात ती वाटी" प्रश्न: सर्व्हिस प्रोग्राम कोण वापरतंय हे डिस्प्ले प्रोग्राम रेफरन्सेस फाइलमध्ये काढलं की मिळतं. पण प्रत घेऊन आत शिरलेली मॉड्यूल त्यात दिसत नाहीत, त्यासाठी एपीआय किंवा एसक्यूएल वापरून वेगळी यादी काढावी लागते. म्हणून माझा नियम, दोनपेक्षा जास्त ठिकाणी लागणारं मॉड्यूल प्रत म्हणून बांधायचं नाही.

सोर्स गिटमध्ये टाका. आता व्हीएस कोडला एक्स्टेन्शन आहे, मेक चालतं, बॉब (आता नाव टोबी) नावाचं बिल्ड टूल आहे, कशावर काय अवलंबून ते एकदा लिहून ठेवलं की बदललेलंच बनतं. आमच्याकडे आधी बिल्डचा क्रम एका काकांच्या वहीत होता. वही, खरोखरची, लाल पुठ्ठ्याची.

जुनंखोड
ती वही माझी नाही, पण तशी माझ्याकडेही होती. निळी.

टिकटिक
मला यातलं काही येत नाही पण तीन दिवस मी हा धागा मालिकेसारखा बघतोय. हिरवापडदा, पुढे काय झालं ते लिहा नक्की.

हिरवापडदा
(तीन आठवड्यांनी) लिहिते लिहिते, टिकटिक.

झालं. तीन सर्व्हिस प्रोग्राम केले. दर, तारखा, आणि एरर लिहिण्याचा एक. बाइंडर सोर्स तिघांनाही, प्रीव्हियस ब्लॉकच ठेवलेत, सॉरी वाकडेवाडी. वरचे प्रोग्राम नावाच्या ग्रुपमध्ये, बाकी स्टार-कॉलर. १४,००० चा राक्षस ९,००० वर आला, पूर्ण नाही संपला, पण त्याच्यातला दराचा भाग गेला.

खरी मजा बांधण्यात नव्हतीच. ३१ प्रती एकीत आणायच्या म्हणून मी त्या एकमेकींशी ताडून पाहिल्या. २९ सारख्या, कॉमेंट सोडून. दोन वेगळ्या. त्या दोनांत भागाकारानंतर राउंडिंग नव्हतं, हाफ ॲडजस्ट लावलेलंच नाही, पुढचे दशांश सरळ कापलेले. एका सेंटचा फरक. मला वाटलं बग आहे, खुशीत लीडला मेल केली. लीडने क्लायंटला, क्लायंटने त्यांच्या कुठल्यातरी जुन्या बाईंना विचारलं, आणि उत्तर आलं की तो बग नाही, त्या दोन प्रोग्रामांतल्या पॉलिसी ज्या राज्यात विकल्या जातात तिथे सरकारकडे दाखल केलेल्या दरपत्रकात खाली कापायचं असंच लिहून दिलेलं आहे. कॉमेंटमध्ये एक अक्षर नाही याबद्दल. मी ३१ सारखे करून टाकले असते तर दरपत्रकाबाहेर पैसे घेतले असते आम्ही.

@घाटमाथा तुम्ही म्हणालात तसं जावात नव्याने लिहिलं असतं तर हे नक्कीच सुटलं असतं हातून.

घाटमाथा
बरं बाई, मानलं. या वेळेपुरतं.

मिनेसोटाची_थंडी
अगं किती छान पकडलंस! त्या दोन्हींचं मग काय केलंस, पॅरामीटर वाढवलास?

हिरवापडदा
नाही, कोथिंबीर_जुडी यांचा दुसरा रस्ता. कापणारी वेगळी प्रोसिजर, वेगळं नाव, आणि डोक्यावर सहा ओळींची कॉमेंट, राज्याच्या नावासकट. पहिलं डिलिव्हर करून झाल्यावर हे कळलं, म्हणून ती नंतर वाढवली.

रात्रपाळी
एक्स्पोर्टच्या यादीत कुठे टाकलीस?

हिरवापडदा
शेवटी.

रात्रपाळी
शेवटी म्हणजे?

हिरवापडदा
शेवटी म्हणजे शेवटी हो 😄